‘सांगा’पेक्षा ‘दाखवा’ बरं: जातं, पायली आणि पेवातून गावाचा मागचा काळ कसा समजून घ्यावा

एखाद्या आजीसमोर मोबाइल धरून ‘आजी, जुना काळ कसा होता?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. माणसं निर्मळ होती, खाणं कसदार होतं, आता काही राहिलं नाही. पाच मिनिटांत आजी थकते आणि विचारणाऱ्यालाही पुढचं सुचत नाही. त्याच आजीसमोर जातं मांडा आणि ओंजळभर ज्वारी ठेवा. हात आपोआप खुंट्याकडे जातो आणि तोंडातून पहिलं वाक्य येतं, ‘ह्याला टाकी कधी लावली व्हती?’ हे वाक्य खरा धागा आहे. टाकी, म्हणजे जात्याच्या दगडाला पाडायचे टोचे, कोण लावायचं, तो कुठून यायचा, त्याला काय द्यायचे, तो उंबऱ्याच्या आत यायचा की बाहेरच बसायचा, असे दहा प्रश्न त्यातूनच निघतात.

हा लेख अशा कामाला पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी आहे: कॉलेजातली पोरं, शाळेचे मास्तर, गावाचा इतिहास लिहायला निघालेली मंडळी. करून बघण्याची ही रीत जगाला नवी नाही. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला १८९१ पासून स्कान्सेन नावाचं खुलं संग्रहालय आहे. तिथे जुनी घरं उभी करून त्यांत जुनी कामं करून दाखवतात. मराठवाड्यात तेवढा खटाटोप करावा लागत नाही. जातं अजून न्हाणीजवळ उलटं पडलेलं असतं आणि ते फिरवणारा हातही त्याच घरात असतो. तो हात किती दिवस असेल, एवढीच घाई.

एक वस्ती, एक काम

‘आमच्या गावाचा संपूर्ण इतिहास’ असं ठरवून निघालेली वही तिसऱ्या पानावर थांबते. एकच काम निवडा. दळण, धान्य साठवणं, मोटेचं पाणी, माळवदाचं घर, बहात्तरच्या दुष्काळातली खडी. यातलं एक घेऊन पाच-सहा माणसांकडे जा.

आधी वयाचा हिशोब मांडा. १९४८ साली दहा वर्षांचं असलेलं पोर आज पंच्याऐंशीच्या पुढे गेलंय. त्यामुळे रझाकाराच्या काळात शेत कसणारा किंवा संसार ओढणारा माणूस भेटणं फार अवघड. भेटेल तो तेव्हा लहान असलेला. १९७२ साली विशीत असलेली माणसं मात्र आज सत्तरीत आहेत. बोलतात, चालतात, खडी फोडल्याचे घट्टे दाखवतात. नवख्याने सुरुवात बहात्तरपासून करावी. सुकडी कशी मिळायची, मिलोची लाल ज्वारी घशाखाली कशी उतरायची, हजेरीला नाव कुणाचं आणि कामाला कोण, हे त्यांनी स्वतः भोगलेलं आहे. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, त्याचं मूळ याच कामांत आहे.

पहिल्या भेटीत फोन खिशात

पहिल्या दिवशी काहीही रेकॉर्ड करू नका. ज्या नात्याने गल्ली त्या माणसाला हाक मारते, तेच नातं घ्या: आजी, मावशी, तात्या, अण्णा, चाचा, खाला. ‘मॅडम, तुमची मुलाखत’ म्हटलं की घरातला शिकलेला मुलगा पुढे येऊन बसतो आणि आईच्या वतीने तोच बोलतो. हे हमखास होतं. त्यावर उपाय एकच. त्याची वेगळी भेट ठरवा आणि आजीची भेट ती कामात असेल तेव्हा घ्या. शेंगा फोडताना, लसूण सोलताना, निवडण-टिपण करताना. हात गुंतलेले असले की जीभ मोकळी होते.

दुसऱ्या भेटीत परवानगी घ्या, तीही आवाजात. कशासाठी घेतोय, कुठे लावणार, नाव द्यायचं की नाही, नंतर नको वाटलं तर पुसता येईल का, हे साध्या भाषेत सांगा आणि त्यांचं ‘हो’ रेकॉर्ड करा. अंगठा घेतलेला कागद पाहून जुनी माणसं बिचकतात. अंगठ्यावर जमिनी गेल्याच्या आठवणी घराघरात आहेत.

तारखेऐवजी फुटपट्टी

‘कोणत्या साली?’ हा प्रश्न टाळा. गावाची स्वतःची फुटपट्टी असते, ती आधी कागदावर उतरवा. साधारण अशी: मानमोडीचा ताप (१९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, ही ऐकीव असणार), पोलीस ॲक्शन (निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणणारी लष्करी कारवाई, १३ ते १७ सप्टेंबर १९४८), नवे पैसे (१ एप्रिल १९५७), बहात्तरचा दुष्काळ, स्कायलॅब हे अमेरिकेचं अवकाशस्थानक पडायची भीती (जुलै १९७९), किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३ ची पहाट), मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार (१४ जानेवारी १९९४). मग प्रश्न असा विचारा: ‘बहात्तरच्या आधी का मागून?’, ‘तवा थोरला किती होता, रांगत होता का शाळेत जात होता?’ पोराच्या वयावरून साल एक-दोन वर्षांच्या फरकाने निघतं.

गावाची म्हणून वेगळी खूणही शोधा. सगळ्यांत उपयोगी खूण म्हणजे पिठाची गिरणी. डिझेल इंजिनाची पहिली गिरणी कुणी आणली आणि त्याआधी दळण कुठे होतं, हे बायकांना नेमकं आठवतं, कारण त्या दिवसापासून त्यांची पहाट बदलली. पुरुषांना विचारलं तर ते गिरणीवाल्याचं नाव सांगतात, बाया पहिल्या दळणाचे पैसे सांगतात.

निजामी अमलातला कागद हाती आला तर त्यावर फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, असतो. हैदराबाद संस्थानात फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्याने सुरू व्हायचं. पुढे दै, बहमन असे महिने. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदीला ५९० मिळवा आणि जानेवारीनंतरच्या नोंदीला ५९१. म्हणजे १३५७ फसली हे ऑक्टोबर १९४७ ते सप्टेंबर १९४८. नवखा माणूस सरसकट ५९० मिळवतो आणि पोलीस ॲक्शनच्या आधीचा उन्हाळा एक वर्ष मागे नेऊन ठेवतो.

रुपयाचंही तसंच आहे. ‘सात रुपयाला घेतली’ असं कुणी म्हटलं तर हाली (निजामाचा रुपया) की कलदार (इंग्रजी रुपया), हे लगेच विचारा. सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव होता.

दळून बघा

या लेखातलं सगळ्यांत जास्त वेळ खाणारं आणि सगळ्यांत जास्त देणारं काम हेच, म्हणून सविस्तर सांगतो.

जातं घरातलंच घ्या, बाजारातलं शोभेचं नको. दोन दगड, वरच्याला खुंटा आणि मधोमध तोंड, खालच्यात लोखंडी खीळ. इतर बारीक भागांची नावं गावागणिक बदलतात, म्हणून एकेका भागावर बोट ठेवून ‘याला काय म्हणता?’ असं विचारत जा. ही नावंच तुमची पहिली नोंद. वरचा दगड दोघांनी मिळून उचला. तो निसटून बोटं चेचली जातात. आतले टाकीचे टोचे अंगठ्याने चाचपा. दगड गुळगुळीत लागला तर पीठ होणार नाही, दाणा नुसता चपटा होऊन बाहेर येईल. टाकी लावणारा सापडला तर उत्तम, त्याची वेगळी भेट घ्या. टाकी नवी असेल तर पहिले दोन घाणे खाण्यासाठी वापरू नका, दगडाची कच येते. मूठभर कोंडा किंवा हलकं धान्य दळून ते जनावराला घाला, मग ज्वारी घ्या.

ज्वारी रब्बीची मालदांडी किंवा दगडी असू द्या, हायब्रीड नको. संकरित ज्वारी शेतात आली ती १९६४ नंतर. त्याआधीच्या पहाटेचा अंदाज घ्यायचा तर दाणाही त्याआधीचाच हवा. निवडून, ऊन दाखवून अर्धा किलो तोलून घ्या. जास्त नको, नवख्याच्या खांद्याला अर्धा किलोही पुरे होतं.

जात्याखाली स्वच्छ धडपा अंथरा. एक पाय लांब, एक दुमडून बसा. खुर्चीवर किंवा ओट्यावर जातं मांडून दळू नका. त्याने शरीराचा सगळा हिशोब चुकतो आणि मग ‘एवढं काही अवघड नाही’ असा निष्कर्ष निघतो. डाव्या-उजव्या हाताने आळीपाळीने फिरवा आणि मोकळ्या हाताने दाणे वैरा. एका वेळी चिमूट-दोन चिमूट, मूठभर नव्हे. मूठभर वैरलं की वरचा दगड उचलला जातो आणि कण्या पडतात. फार कमी वैरलं तर दगडावर दगड घासतो, आवाज कर्कश येतो आणि पिठात कच उतरते. आजीला न बघता, आवाजावरून हे कळतं. ती दुसऱ्या खोलीतून ओरडते, ‘दाणं टाक गं, रिकामं फिरतंय!’ ते ‘रिकामं’ तिला कसं ऐकू येतं, हे तिथल्या तिथे विचारून घ्या. डाळ भरडायची असेल तर खिळीला चिंधीचं वेटोळं घालून दगड किंचित उचलून ठेवायचे, तेही करून बघा.

आता मोजमाप. दहा मिनिटं घड्याळ लावा, पीठ गोळा करून तोला. समजा १५० ग्रॅम भरलं. आजीला विचारा, घरात खाणारी किती होती आणि रोज किती पायल्या दळण लागायचं. समजा रोजचं दळण तीन किलो निघालं. तुमच्या वेगाने त्याला २०० मिनिटं लागतील, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. हा आकडा तसाच लिहू नका. तुमचा हात कच्चा आहे. आजीच्या अंगात बळ असेल तर तिला दोनच मिनिटं फिरवू द्या आणि फेरे मोजा. मग तुमचे दोन मिनिटांचे फेरे मोजा. फरक कळला की आकडा त्या प्रमाणात उतरवा. समोरासमोर दोघी बसायच्या का, सासू-सून की जावा-जावा, हेही विचारा. मग ‘कोंबडं आरवायच्या आत उठायचो’ या वाक्यामागे किती मिनिटं उभी आहेत ते कळतं.

पीठ झालं की लगेच भाकरी करा, आणि त्यातलं थोडं आठवडाभर ठेवून पुन्हा करा. जुन्या पिठाचा चिकटपणा गेलेला असतो, थापताना भाकरी कडेने चिरते. आठवड्याचं दळण एकदाच का उरकत नसत, या प्रश्नाचं निम्मं उत्तर परातीतच मिळतं. उरलेलं निम्मं आजीकडे असतं. घरात आठवड्याचा दाणा एकदम असायचा का?

ओव्या मागू नका. ‘एक ओवी म्हणा ना’ म्हटलं की शाळेच्या कार्यक्रमातली ओवी येते. जातं लयीत आलं की त्या आपण होऊन येतात, तेव्हा मध्ये बोलू नका. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी म्हटलेल्या बाबासाहेबांवरच्या, बुद्धावरच्या ओव्याही आहेत. जात्यावर फक्त माहेर आणि विठ्ठलच असतो अशी समजूत घेऊन गेलात तर निम्मं ऐकू येणार नाही.

आणि एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तुम्ही दळलंत ते हौसेने, पोटभर जेवून, दिव्याच्या उजेडात, आणि हात दुखल्यावर थांबलात. तिला थांबता येत नव्हतं. करून बघितल्याने तिचं दुःख कळत नाही. काय विचारायचं ते कळतं.

पायली नेहमी तोलून घ्या

‘पायलीची ज्वारी’ ऐकून पुस्तकातलं कोष्टक लावू नका. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी हे खरं. पण पायली हे आकारमानाचं माप आहे आणि ते गावागावात, कधी घराघरात वेगळं. त्या घरातलं जुनं माप काढायला सांगा. त्यात ज्वारी दोनदा भरा: एकदा काठोकाठ सपाट, एकदा शीग लावून, म्हणजे वर ढीग करून. दोन्ही वेळा इलेक्ट्रिक काट्यावर तोला. मग विचारा, देताना कशी द्यायचे आणि घेताना कशी घ्यायचे? सावकाराच्या घरची पायली आणि बलुतेदाराला धान्य घालायची पायली यांत शिगेचा फरक निघाला, तर शेकडो पानांच्या वर्णनापेक्षा तेवढी नोंद मोठी आहे. काट्यावर आलेले आकडे त्या दोन्ही घरच्या माणसांना दाखवूनच लिहा.

पेवात उतरू नका, माळवदाखाली उभे राहू नका

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. आतून कडब्याचं-भुसाचं अस्तर, तोंड मातीने लिंपून बंद. बंद पेवात प्राणवायू उरत नाही आणि जड विषारी हवा तळाशी साचते. पेव उघडून घाईने आत उतरलेली माणसं गुदमरून मेली आहेत. जुनी माणसं तोंड उघडून बराच वेळ ठेवायची, मग दिवा दोरीने सोडायची. दिवा विझला तर कुणी उतरायचं नाही. ही गोष्ट ऐका, लिहा, पण स्वतः करू नका. दिवा जळला म्हणजे आत सुरक्षित आहे असं नव्हे. पेवाचं तोंड, व्यास आणि खोली वरूनच मापा. खोली दोरीला दगड बांधून मिळते. पेवातल्या ज्वारीला एक वास असायचा, तो कुणाच्या भाकरीला यायचा आणि नवी ज्वारी कुणाच्या ताटात असायची, हे विचारा.

माळवदाचं घर म्हणजे रुंद दगड-मातीच्या भिंती, लाकडी तुळया, त्यावर किलचन (लाकडी पट्ट्यांचा थर) आणि वर पांढऱ्या मातीचा थर. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर पुन्हा माती टाकायची. वर्षानुवर्षांनी छत जड होत गेलं. किल्लारीला १९९३ साली पहाटे चारच्या सुमारास झोपलेल्या माणसांवर हेच वजन आलं. लातूर-धाराशिव पट्ट्यात घराबद्दल विचारताना हे डोक्यात ठेवा. भूकंप पाहिलेल्या माणसाला पडक्या जुन्या गावात नेऊन ‘इथं काय झालं ते दाखवा’ असं म्हणणं क्रूर आहे.

त्याऐवजी मोकळ्या मैदानात त्यांना त्यांचं जुनं घर फक्कीने आखायला सांगा. फक्की तुम्ही टाका, चालायचं त्यांनी. ‘इथं चौकट. इथं ढाळज. हे बळद, ह्याच्यावर मायचा डबा.’ पावलं मोजत ते चालतात आणि तुम्ही मागून रेघ ओढता. घर किती खणांचं होतं ते विचारा. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. तिची रुंदी त्यांच्याच पावलांनी घ्या. बऱ्याचदा माणूस न आखलेल्या भिंतीला वळसा घालून जातो. तिथे भिंत होती हे पायाला आठवतं, तोंडाला नाही. रेघ तिथेही ओढा. एखाद्या खोलीपाशी ते थांबले आणि आत गेले नाहीत, तर तुम्हीही थांबा.

दुखरी आठवण

१९४८ च्या आधी रझाकारांचा जुलूम आणि पोलीस ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर झालेली हिंसा, दोन्ही याच मातीत घडलं. त्या हिंसेची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचं नोंदवलं आहे. एका गल्लीत ‘सुटका’ म्हणतात ती तारीख दुसऱ्या गल्लीत वेगळ्या नावाने ओळखली जाते. दोन्ही गल्ल्यांत जायची तयारी नसेल तर हा विषय घेऊ नका. कुणी कुणाला मारलं ही नावं रेकॉर्डवर आली तर ती लेखात जाणार नाहीत. गावात त्यांची नातवंडं नांदतात.

जातीचंही तसंच. ‘गावात एकी होती’ हे वाक्य वाड्यात ऐकू आलं की तेच वाक्य घेऊन बौद्धवाड्यात, तांड्यावर जा आणि पाणी कुठून भरायचे एवढंच विचारा. पाणवठ्यांचा नकाशा काढा, कुणाचा कुठला. त्यानंतर वाद घालावा लागत नाही. तांड्यावर गोरमाटी (बंजारा बोली) कळणारा माणूस सोबत असू द्या. आजी मराठी बोलतात, पण गाणं आणि रडणं गोरमाटीत येतं.

कागदाशी ताडून बघणं

प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर टाका: ‘प’ म्हणजे स्वतः पाहिलं, ‘ऐ’ म्हणजे घरात ऐकलं, ‘व’ म्हणजे वाचलं किंवा टीव्हीवर पाहिलं. १७ सप्टेंबरची भाषणं दरवर्षी ऐकून ‘व’ कधी ‘प’ होतं ते माणसाला स्वतःलाही कळत नाही. तपासायचा साधा प्रश्न: ‘तवा तुम्ही कुठं उभे होता?’ पाहिलेल्याला जागा असते.

मग तहसीलच्या अभिलेख कक्षातला १९५४-५५ चं खासरा पहाणी पत्रक (शेत कुणाचं आणि कसतो कोण याची नोंद), कुळाची नोंदवही आणि शाळेचं प्रवेश रजिस्टर पाहा. जुने कागद मोडीत किंवा उर्दूत असतात, वाचणारा आधी शोधून ठेवा. कागद आणि आठवण यांत तफावत आली तर कागद खरा धरायची घाई नको. खासऱ्यात शेत एकाच्या नावावर आणि कसणारा दुसराच, ही त्या काळाची सर्वसाधारण रीत होती. शाळेतली जन्मतारीख तर बहुतेकांची १ जून असते, ती मास्तरांनी लिहिलेली.

रेकॉर्डिंग आणि वाचून दाखवणं

फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, पंखा बंद करा, फोन माणसापासून हातभर अंतरावर कापडावर ठेवा. लोखंडी पेटीवर ठेवलात तर जात्याची घरघर सगळं गिळून टाकते. सुरुवातीला तारीख, गाव, वस्ती आणि काम बोलून घ्या. त्याच रात्री दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवा. एका तासाचं बोलणं उतरवायला सहा-सात तास धरा आणि उतरवताना भाषा ‘सुधारू’ नका. ‘व्हतं’ला ‘होतं’ केलं, ‘वक्ताला’ला ‘वेळी’ केलं की बोलणारी बाई त्या पानावरून उठून जाते.

सगळं लिहून झालं की परत जा आणि तिला वाचून दाखवा. जमल्यास तिच्या सुनेला, नातीलाही बसवा. ती मध्येच थांबवते, ‘तसं नाही, ते दगडूचं जातं नव्हतं, आमचं तर मागून आलं.’ नात विचारते, ‘मग आधी कुठं दळायचीस?’ आणि जे चार भेटींत आलं नाही ते तिथे येतं. म्हणून वाचायला बसण्याआधी रेकॉर्डर चालू करा.